प्रकाशक: अज्ञात

रात्री सव्वानऊला पडद्याच्या कोपऱ्यात
लाल चौकट उगवली:
धोका आढळला. फाइल हलवली आहे.
तुम्हाला काही करण्याची गरज नाही.

बरे, म्हटले. चहा संपवला.
पुढच्या ओळी टाइप केल्या तर उमटले,
स्थ : मंदिराचे पटांगण. वे : रात्रौ दहा.
सादर करीत आहे, तारीवाडा हौशी नाट्यमंड.
प्रमुख भूमिकेत गुणाजी ववईकर.

ळ गेला होता.
कळ दाबली जायची, अक्षर यायचे नाही.

जत्रा परवावर. हँडबिले सकाळी फोंड्याला छापायला,
आणि माशेलात बसून मी
ळ नसलेल्या मराठीकडे बघत होतो.
जागा गेली, घटका गेली, माणसे गेली.
गुणाजी तर स्वतःच्या आडनावातून
अर्धा बाहेर आला होता.

अँटीव्हायरस उघडला. आत एक कोठडी असते,
विलगीकरण म्हणतात तिला.
तिथे होती पंचायतीच्या पेनड्राइव्हमधून आलेली कीड,
जिने एकदा माझ्या अकरा लग्नपत्रिका खाल्ल्या.
एक लग्न पुढे मोडले, पण तो दोष तिचा नव्हे.
आणि तिला लागून, त्याच तांबड्या अक्षरांत,
माझा ळ.
प्रकाशक: अज्ञात.

अज्ञात कसला?
खोर्लीचा इनास द मेलो.
दोन हजार चारच्या मे महिन्यात, याच स्टुलावर,
दुसरा हात फणसाने चिकट म्हणून
एकाच हाताने त्याने तो प्रोग्राम लिहिला,
कारण फॉन्टवाल्या कंपनीने ळ ठेवला होता
तीन बोटे एकदम ताणावी लागतील अशा जागी.
"तुमकां सदांच लागता न्हय, पात्रांव," म्हणाला.
पैसे घेतले नाहीत. उरलेले गरे नेले.
आता स्विंडनच्या गोदामात खोकी बांधतो.
त्याची पाळी सुटायची वेळ झालीच होती,
निरोप धाडला. उत्तर आले:
अजून चलता तें? उडय आतां.

पुष्पलता आतून म्हणाली, जपून हां.
तिचा धसका चतुर्थीपासूनचा.
तेव्हा अशीच एक चौकट आली होती, सगळा पडदा भरून,
आत एक बाई किंचाळत होती, या नंबरला फोन करा,
आणि मी फोन उचललाही होता.
पुष्पलता खोबरे लागल्या हातांनी आली
आणि भिंतीवरचे बटनच बंद केले.
"खरा राखणदार," म्हणाली,
"ओरडून स्वतःचा नंबर सांगत नाही."

हा खरा आहे, मला माहीत आहे.
वर्षाला पैसे भरतो त्याचे, रोट ठेवावा तसे.
पण सीमेवरच्या देवचाराला म्हणे
गावचा माणूस पावलांवरून कळतो.
याला कसा कळावा? हा दर मंगळवारी
नवा होऊन येतो,
आणि इनास त्याने पाहिलेलाच नाही.

नेटची वायर काढली.
फाइल पुन्हा तपासली, दोनदा,
मैत्री वेगळी, कीड वेगळी.
मग दाबले, परत आणा.
त्याने विचारले,
हा प्रोग्राम संगणकाला घातक ठरू शकतो. तरीही?
तरीही.
अपवादांची यादी उघडली. कोरी होती.
इतकी वर्षे आत घुसणाऱ्यांचीच चौकशी केली,
हा आपला, असे कुणासाठी म्हणालो नव्हतो.

वेळ. लगेच उमटली.
मंडळ. गुणाजी आडनावात परतला
आणि पावणेबाराला हँडबिल पुरे झाले.
सगळ्यात खाली, बारीक टायपात,
अक्षरजुळणीसाठी माझे नाव असते.
त्यापुढे थोडी जागा होती.
बराच वेळ कर्सर तिथे लुकलुकत ठेवला,
मग पूर्णविराम दिला.

कोपऱ्यातला ठिपका तेव्हापासून पिवळा आहे.
संरक्षण पूर्ण नाही, म्हणतो. अपवाद: १.
रोज सकाळी म्हणतो.
रोज मी त्याला बरे म्हणतो
आणि कामाला लागतो.